फळ्यावरून पुसलेला नकार

चिकित्सक विचार शिकवण्याची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली असेल, तर तर्कदोषांची यादी पाठ करून घेण्याच्या मोहात पडू नये. मी सुरुवात तिथूनच केली होती. महिन्याभरात मुलांना दोषांची नावे तोंडपाठ झाली आणि ती नावे एकमेकांचे तोंड बंद करण्याच्या कामी आली, स्वतःच्या बोलण्यातला दोष मात्र एकालाही सापडला नाही. तयार कृतिपत्रिकांविषयीही माझे मत फारसे बरे नाही. त्यांनी तास भरतो आणि टाचणवही सजते, इतकेच.

माझी खरी फसगत मात्र याहून साध्या जागी झाली, आणि ती सविस्तर सांगणे मला भाग वाटते. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली मांडलेला आकड्यांचा प्रयोग मी नववीच्या वर्गात खेळ म्हणून घेतला. २, ४, ६ हे त्रिकूट एका नियमात बसते. तो नियम ओळखण्यासाठी मुलांनी आपापली त्रिकुटे सुचवायची आणि शिक्षकाने प्रत्येकाला ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ एवढेच सांगायचे. बहुतेक जण ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ अशी दोन-दोनने वाढणारी त्रिकुटे सुचवत राहतात, दर वेळी होकार मिळतो आणि नियम सापडल्याची खात्री वाढत जाते. प्रत्यक्षात नियम केवळ ‘चढता क्रम’ एवढाच असतो, त्यामुळे १, ७, ५० हेही बसते. पण ते कळण्यासाठी, आपल्या अंदाजानुसार जे बसायला नको तेच मुद्दाम विचारावे लागते.

मागच्या बाकावरील एका मुलीने ६, ४, २ विचारले. मी ‘बसत नाही’ म्हणालो, वर्ग हसला आणि फळ्यावर जागा हवी म्हणून मी ते त्रिकूट पुसून टाकले. क्रम महत्त्वाचा आहे हे सांगणारी त्या तासातली एकमेव माहिती मी स्वतःच्या हाताने पुसली होती, आणि फळ्यावर उरले ते केवळ होकार. तास संपताना जवळजवळ सर्वांनी ‘दोन-दोनने वाढतात’ असेच लिहून दिले, आणि त्या मुलीने पुढे कित्येक दिवस हात वर केला नाही.

हे माझ्या लक्षातही आले नसते. वर्गात मागे बसलेल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी नंतर फक्त एवढेच विचारले, “ते का पुसलंत?” (मार्गदर्शक शोधायचा असेल तर असा शोधावा, व्याख्यान देणारे पुष्कळ भेटतात.) ‘बसते’ म्हणताना माझा आवाज चढत होता आणि ‘बसत नाही’ म्हणताना पडत होता, हेही त्यांनीच दाखवून दिले. मुले नियम शोधत नव्हती, ती माझा चेहरा वाचत होती. आपण कितीही मोकळे प्रश्न विचारले, तरी आवडते उत्तर चेहऱ्यावर उमटत असेल तर सगळा खटाटोप वाया जातो. याबाबतीत मी कोणालाही सूट देणार नाही.

त्या मानाने दुसरी चूक सुधारायला सोपी आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होते, असे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना १९७० च्या दशकातील अभ्यासात आढळले होते. वर्गातली ती शांतता सुरुवातीला अंगावर येते, म्हणून मी मनातल्या मनात आकडे मोजतो. सगळ्यांचेच असे होते, घाबरून जाऊ नये.

आता मी फळ्याचे दोन भाग करतो आणि ‘बसत नाही’ हा रकाना तास संपेपर्यंत पुसत नाही. नियम जाहीर करण्यापूर्वी, आपला अंदाज कोणत्या त्रिकुटाने खोटा ठरेल हे प्रत्येकाने वहीत लिहायचे असते. पहिल्या काही तासांना तो रकाना रिकामाच राहिला, तर आपल्याला हे जमत नाही असे मानू नये. माझ्या वर्गात तो तिसऱ्या आठवड्यात भरू लागला, आणि त्यातले पहिले त्रिकूटही मलाच लिहावे लागले होते.