गॅलरीत माशी आली म्हणून लगेच झाडू उचलू नका

आमच्या बिल्डरच्या ब्रोशरमध्ये त्याला सनडेक लिहिलंय, आई गॅलरीच म्हणते आणि तिथे कपडे वाळत घालते. बोरिवली पूर्व, नॅशनल पार्कच्या अंगाला, नववा मजला. म्हणजे हवा छान, समोर हिरवं, आणि त्या हिरव्यातून जे जे उडतं ते सगळं आमच्याकडे पाहुणं येतं. सहा वर्षांत मधमाश्या झाल्या, गांधीलमाश्या झाल्या, बांबूत भुंगा झाला आणि एकदा वरच्या छज्ज्याला चक्क आग्यामोहोळ लागलं, त्यामुळे सोसायटीत कोणाच्या घरी काही गुणगुणलं की मलाच फोन येतो. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून हे एकदाच लिहून टाकतोय.

काहीही करायच्या आधी काचेचं दार लावून आतून पाच-दहा मिनिटं बघत बसा. कोण आलंय, किती जण आहेत आणि कशासाठी आलेत, एवढं कळलं की अर्धं काम झालं. लोक हे बघतच नाहीत, थेट हिटचा डबा.

मधमाशी तपकिरी, अंगावर बारीक लव, आणि ती फुलावर नाहीतर पाण्यावर दिसणार. त्यातली सातेरी, म्हणजे खेड्यात लाकडी पेटीत पाळतात ती, हिला अंधारी बंद जागा लागते. एसीच्या पाइपचं न बुजवलेलं भोक, फॉल्स सीलिंग, गॅलरीत वर्षानुवर्षं पडलेली रिकामी पेटी. बाहेरून पोळं दिसतच नाही, फक्त एकाच फटीतून सतत ये-जा दिसते. फुलोरी अगदी छोटी, तिचं पोळं तळहाताएवढं, कुंडीतल्या झाडाच्या फांदीला धरून. आग्या माशी मोठी, तिचं पोळं उघड्यावर, छज्ज्याखाली एकच मोठा पडदा लोंबतो, कधी कधी मीटरभर रुंद. आणि भिंतीच्या फटीतून मेण-राळेची पेन्सिलएवढी नळी बाहेर आलेली दिसली आणि तिच्या तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या, तर ती पोयाची माशी, तिला डंखच नसतो, तिला प्लीज काही करू नका.

गांधीलमाशी वेगळी. चकचकीत अंग, कंबर अशी की आत्ता तुटेल, उडताना मागचे पाय लोंबत असतात. पोळं मेणाचं नसतं, राखाडी कागदासारखं असतं आणि एका बारीक देठावर उलटं लटकतं. आणि ग्रिलच्या कोपऱ्यात, दाराच्या कुलपाच्या भोकात, नाहीतर प्लगच्या भोकात कोणी चिखल लिंपून ठेवला असेल तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, घर राखत बसत नाही, मुद्दाम अंगावर येत नाही. तिचं मातीचं घर फोडलं तर आत गच्च भरलेले कोळी नाहीतर अळ्या निघतात, पिल्लांचा डबाच तो. प्लगमध्ये केलं असेल तर मेन बंद करून काढा, बाकी ठिकाणी राहू द्या.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार. एप्रिल-मे, दुपारी दोन-अडीच, "वीस-पंचवीस मधमाश्या आल्यात, पोळं कुठेच दिसत नाहीये." पोळं नाहीच आहे हो, त्या पाण्याला आल्यात. आमच्याकडे एसीच्या आउटडोअर युनिटचं पाणी ठिबकतं आणि खाली नारळाच्या काथ्याचा एक तुकडा कायम ओला असतो, तिथे सातेरी ओळीने बसायच्या, डोकं खाली, पोट वर-खाली वर-खाली, एक भरली की ती उडणार आणि तिच्या जागी दुसरी. नळावर हंडे लावून उभं राहतात तसं. ते पाणी त्या स्वतः पिऊन संपवत नाहीत, घरी नेऊन पोळ्यात पसरतात आणि पंखांनी वारा घालतात, कूलरच तो एक प्रकारचा. अशा वेळी त्यांना हाकललंत तर दहा मिनिटांत परत, कारण एकदा पाण्याची जागा पक्की झाली की त्या सहजासहजी सोडत नाहीत.

मग करायचं काय, तर एकाच वेळी दोन कामं. एसीची नळी बाटलीत किंवा थेट ड्रेनला सोडा, ओला काथ्या, ओलं पायपुसणं उचला, कुंड्यांच्या खालच्या ताटल्यांमधलं पाणी ओता. आणि त्याच दिवशी गॅलरीच्या लांबच्या टोकाला एक पसरट ताटली ठेवा, त्यात गोटे भरा आणि गोट्यांचे माथे वर राहतील एवढंच पाणी, नाहीतर त्या बुडून मरतात. पाणी रोज बदला हं. रोज. नाहीतर मधमाशीची सोय करता करता डासांच्या अळ्या पाळाल आणि पावसाळ्यात पालिकेचे लोक घरोघरी अळ्या शोधत येतात तेव्हा तुमचीच ताटली सापडेल. लगेच काही होत नाही, जुन्या जागी दोन-चार दिवस घिरट्या घालतात, मग कळतं त्यांना. आम्ही आता मार्च लागला की आधीच ताटली ठेवतो.

दुसरी तक्रार रात्रीची. आग्या माशी चांदण्या रात्रीही उडते आणि पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटवर येऊन आपटत राहते. म्हणजे आसपास कुठेतरी, समोरच्या टॉवरला किंवा पार्कातल्या झाडावर मोहोळ आहे. उपाय अगदी साधा आहे आणि कोणाला पटत नाही: गॅलरीचा दिवा बंद करा, हॉलचा पडदा ओढा. दिवा हवाच असेल तर पांढरा काढून मंद पिवळा लावा, बराच फरक पडतो. आणि सकाळी अनवाणी गॅलरीत जाऊ नका, आधी झाडू मारा, मेलेल्या माशीवर पाय पडला तरी नांगी घुसते. बहिणीचं झालंय, म्हणून सांगतोय. कबुतरांची जाळी आहे म्हणून आपण सेफ असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या भोकातून स्वतःचं बोट घालून बघा, माशी आरामात जाते. माशी थांबते ती मच्छरजाळीला.

कधी कधी एकदम हजारोंचा घोळका येतो आणि रेलिंगला द्राक्षाच्या घडासारखा लटकतो, तेव्हा घरात रडारड होते. तो प्रवासातला थवा. पोळं नाही, पिल्लं नाहीत, मध नाही, म्हणजे राखायला काहीच नाही, त्यामुळे तेव्हा त्या बऱ्यापैकी शांत असतात. दार लावा, पडदा ओढा, एक-दोन दिवस कपडे आत वाळत घाला. बहुतेक वेळा आपल्या आपण उठून जातात. दोन दिवसांनीही तिथेच असतील आणि मधोमध पांढरं मेण दिसायला लागलं तर मात्र मुक्कामाला आल्या.

गांधीलमाशीचं सांगतो. आमच्याकडे जुनं सागाचं स्टूल गॅलरीत उन्हापावसात राखाडी पडलंय. एकदा दुपारी चहा घेऊन बसलो होतो तर करर करर असा अगदी बारीक आवाज, कान देऊन ऐकला तरच येईल असा. बघतो तर ती स्टुलाच्या पायावर मागे मागे सरकत जबड्याने लाकूड खरवडतेय, मागे फिकट रेघ उठतेय, आणि पुढे छोटी गोळी तयार होतेय. तीच लाळेत कालवून तो कागद होतो. तर असं खरवडताना दिसली म्हणजे जवळच बांधकाम चालू आहे, कुंडीच्या काठाखाली, एसीच्या मागे, झोपाळ्याच्या हुकाजवळ शोधा. सुरुवातीला पोळं रुपयाएवढं असतं, आठ-दहा घरं आणि एक-दोनच माश्या. हीच वेळ. त्या उडून गेल्या की लांब काठीने देठ तोडायचा, जागा साबणाने पुसायची आणि थोडं तेल चोपडायचं. त्या परत येतील, शोधतील, जातील. पोळं मुठीएवढं झालं आणि त्यावर दहा-पंधरा जणी बसल्यात तर हा उद्योग स्वतः करायचा नाही. कारण मधमाशी एकदा चावते आणि मरते, ही चावून उडते आणि परत येऊन चावते.

पण लांब कुठेतरी असेल, येण्या-जाण्याच्या वाटेत नसेल, तर मी हात लावत नाही. आमच्या लिंबाच्या झाडाची पानं अळ्या चाळणी करून टाकायच्या, एक पोळं ग्रिलच्या बाहेरच्या कोपऱ्यात राहू दिलं त्या वर्षी अळ्या जवळजवळ दिसल्याच नाहीत, ती उचलून नेते पिल्लांना भरवायला. घरात लहान मूल किंवा कोणाला ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कौतुक बाजूला ठेवा.

आता आग्या. वरच्या मजल्याच्या छज्ज्याला लागलं होतं, माझ्या गॅलरीतून तिरकं दिसायचं. बघायला इतकं भारी की बास, घार जवळून गेली की पूर्ण पोळ्यावर सळ्ळकन लाट जायची, सगळ्या एकापाठोपाठ एक पोट वर करतात, स्टेडियममध्ये प्रेक्षक लाट करतात तसं. मी म्हणत होतो राहू द्या, पावसाच्या तोंडावर ती बहुतेक उठून जातातच. कमिटीने ऐकलं नाही, एक पेस्ट कंट्रोलवाला बोलावला आणि त्याने सकाळी अकरा वाजता, भर उन्हात, शाळेची बस यायच्या टायमाला गच्चीवरून फवारा मारला. पुढचं सांगायला नको. वॉचमनकाकांना नऊ डंख, दोन घरांत माश्या शिरल्या, बसमधली मुलं अर्धा तास बसमध्येच. आणि एवढं करून महिन्याभरात त्याच जागी परत पोळं! कारण छज्ज्यावरचं मेण तसंच ठेवलं होतं, त्या वासावर पुढचा थवा बरोबर येतो.

म्हणून माणूस बोलावताना तीन प्रश्न विचारा. किती वाजता करणार? दिवसा म्हणाला तर नको. मेण खरवडून जागा धुणार का? आणि माश्या मारणार की हलवणार? सातेरी पेटीत भरून नेता येते, पुण्याला खादी आयोगाची मधमाशी संशोधन संस्था १९६२ पासून आहे, अशी कामं शिकलेले मधपाळ महाराष्ट्रात आहेत, महाबळेश्वरजवळचं मांघर तर २०२२ पासून मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. पण आग्या पेटीत राहत नाही. "आग्या पेटीत भरून नेतो" असं कोणी म्हणाला तर समजून जा की तो थापा मारतोय. आणि फवारा मारलेल्या पोळ्याचा मध कोणी वाटायला आणला तर घेऊ नका, फुकट असला तरी.

घरच्या घरी मशाल, रॉकेलचा बोळा, टायर जाळणं, हे अजिबात नको. गावाकडे आजोबा धूर करायचे तो मोकळ्या रानात, इथे बाजूला गॅसची पाइपलाइन आणि वर कोणाची तरी साडी वाळत असते. ग्रिलबाहेर वाकून काठी मारणं तर त्याहून नको, चावल्यावर हात आपोआप सुटतो. मोहोळ असेपर्यंत त्याच्या जवळ ड्रिल मारू नका, दिवाळीत रॉकेट आणि संक्रांतीला मांजा त्या बाजूने नको, आणि बिल्डिंगचं रिपेअरिंग निघालं तर परांचीवर चढणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशीच दाखवून ठेवा.

चावलीच तर आधी तिथून निघा, घरात या, दार लावा. हात झाडत उभं राहू नका, कारण नांगीबरोबर एक वास सुटतो, थोडासा पिकल्या केळ्यासारखा, आणि तो बाकीच्यांना बोलावणं धाडतो. मधमाशीची नांगी कातडीत राहते आणि माशीपासून तुटूनही विष सोडत असते, तर नखाने, कार्डाने, कशानेही काढा पण लगेच काढा, चिमटा शोधत बसू नका. गांधीलमाशीची नांगी राहत नाही, शोधू नका. साबणाने धुवा, कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावा, हातावर असेल तर अंगठी-बांगड्या आधी उतरवा, सूज आल्यावर निघत नाहीत. आमची आजी लोखंड घासायची, कोणी चुना लावतं, चालू द्या समाधानासाठी, बर्फ मात्र सोडू नका.

अंगभर गांध्या उठल्या, ओठ-डोळे सुजले, घसा आवळला, श्वास लागला, चक्कर किंवा उलटी झाली, तर घरात एक मिनिट थांबू नका, १०८ ला फोन किंवा रिक्षा, जे आधी मिळेल ते, तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते मिनिटांवर असतं. तोंडाच्या आत किंवा घशात चावली असेल तरीही तसंच. दहा-बारा किंवा जास्त डंख असतील तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरला दाखवा, लहान मुलाला त्याहून कमी असले तरी. वॉचमनकाका "काय नाय होत" म्हणत होते, आम्ही ओढून नेलं, रात्रभर ठेवून घेतलं त्यांना.

राहिला भुंगा. काळा, ढब्बू, हेलिकॉप्टरचा आवाज, बांबूच्या चटईच्या पडद्याच्या दांड्याला गोल भोक पाडतो आणि खाली पिवळसर भुसा पडतो. तोंडासमोर येऊन अधांतरी उभा राहतो तो बहुतेक नर, त्याला नांगीच नसते, नुसता रुबाब. मादी हातात धरली तरच चावेल. दांडा बदलून टाका नाहीतर टोकं बुचाने बंद करा. मी आमचा जुना दांडा फेकला नाही, गॅलरीच्या टोकाला पाण्याच्या ताटलीशेजारी बांधून ठेवलाय, नवीन पडद्याला त्याने अजून तरी हात लावलेला नाही.