अँड्रॉइड ॲपमध्ये स्क्रीनवरचा कीबोर्ड कसा सांभाळावा

फॉर्म तयार आहे आणि कोटलिन येतं, असं धरून चालतो. मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका आडत दुकानासाठी नोंदीचं ॲप केलं होतं: शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर. उदाहरणं त्यातलीच देतो.

आधी इनपुटटाइप, म्हणजे फील्डमध्ये काय लिहायचं आहे ते कीबोर्डला सांगणं. पोत्यांना नंबर, वजनाला आणि दराला नंबरडेसिमल.

मग आयएमईऑप्शन्स, म्हणजे कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या कळेने काय करायचं ते (आयएमई म्हणजे स्क्रीनवरचा कीबोर्ड). शेवटच्या फील्डला ॲक्शनडन, बाकी सगळ्यांना ॲक्शननेक्स्ट. नाव आणि गाव एकाच ओळीचं ठेवा, मल्टिलाइन केलंत की नेक्स्टच्या जागी एंटर येतं. डन दाबल्याचं ऑनएडिटरॲक्शनलिसनरमध्ये कळतं.

आता खरी अडचण. टाइप होईल तसं काही करायचं असलं की हमखास सल्ला मिळतो: सेटऑनकीलिसनर लावा. स्क्रीनवरच्या कीबोर्डसाठी हा सल्ला चुकीचा आहे. मी तो ऐकला होता. लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे नकली फोनमध्ये, सगळं सुरळीत चाललं आणि दुकानात दिवाणजींच्या फोनवर अक्षराची एकही कळ पोचेना. दोन दिवस मी त्या फोनलाच दोष देत होतो. एम्युलेटरमध्ये मी लॅपटॉपच्या कळा दाबत होतो आणि खऱ्या कळा कीइव्हेंट, म्हणजे कळ दाबल्याची सूचना, पाठवतात; सेटऑनकीलिसनर तीच ऐकतो. स्क्रीनवरचा कीबोर्ड हे स्वतंत्र ॲप असतं. ते इनपुटकनेक्शनवरून थेट मजकूर हातात देतं, कीइव्हेंट पाठवायचं बंधन त्याच्यावर नाही. तेव्हा मजकूर बदलला की कळवणारा टेक्स्टवॉचर लावा आणि काय बदललं ते बघा. चाचणी खऱ्या फोनवरच करा, तीही मराठी कीबोर्डने.

मराठीचा आग्रह उगाच धरत नाही. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिताना शब्द पुरा होईपर्यंत तो कच्चा असतो, त्याच्याखाली रेघ दिसते. याला कम्पोझिंग म्हणतात. मी टेक्स्टवॉचरच्या आफ्टरटेक्स्टचेंज्डमध्ये जादा स्पेस काढून सेटटेक्स्ट करत होतो. त्यामुळे कच्चा शब्द कीबोर्डच्या हातातून सुटायचा, कर्सर सुरुवातीला उडी मारायचा आणि नावात अक्षरं दुहेरी व्हायची. शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीवर चुकीचं नाव छापलं जाणं ही लहान चूक नाही. टाइप होत असताना मजकुराला हात लावूच नका. साफसफाई फोकस सुटल्यावर किंवा सेव्ह करताना करा. अगदीच गरज पडली तर बेसइनपुटकनेक्शनच्या गेटकम्पोझिंगस्पॅनस्टार्टने उणे एक दिलं, म्हणजे कच्चं काही उरलेलं नसलं, तरच बदला.

अक्षरमर्यादाही जपून घाला. म्हैसाळ आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं, कोटलिनच्या लेंथला सात, कारण काना, मात्रा, हलंत ती वेगवेगळे मोजते. गावाला मॅक्सलेंथ १० ठेवलीत तर कवठेमहांकाळचं ‘कवठेमहांका’ होतं, कारण त्यात ११ चिन्हं आहेत. मी गावाची मर्यादा काढूनच टाकली.

पुढे, कीबोर्डखाली झाकलं जाणारं सेव्हचं बटण. मॅनिफेस्टमध्ये ॲडजस्टरिसाइझ (कीबोर्ड उघडला की खिडकी आखडा) लिहा, पण त्यावर विसंबू नका. टार्गेट एसडीके ३५ केलं की अँड्रॉइड १५ वर ॲप कडेपासून कडेपर्यंत पसरतं आणि जागा आपणच सोडावी लागते. व्ह्यूकॉम्पॅटच्या सेटऑनअप्लायविंडोइन्सेट्सलिसनरमध्ये सिस्टमबार्स आणि आयएमई यांचे इन्सेट्स, म्हणजे त्यांनी कडेला व्यापलेली जागा, एकत्र मागून तेवढं पॅडिंग द्या. वेगवेगळे मागून बेरीज करू नका. कीबोर्डच्या उंचीत खालची नेव्हिगेशन पट्टी आधीच धरलेली असते, बेरीज केली की मध्ये रिकामी पट्टी राहते. कीबोर्ड उघडा आहे का हेही त्याच इन्सेट्सच्या इजव्हिजिबलला विचारा. खिडकीची उंची २०० पिक्सेलने घटली म्हणजे कीबोर्ड उघडला, ही जुनी युक्ती स्क्रीन दोन ॲपमध्ये वाटली की फसते.

कीबोर्ड बंद करायला विंडोइन्सेट्सकंट्रोलरकॉम्पॅटचा हाइड पुरतो. दुकानाच्या ॲपमध्ये मात्र सेव्हनंतर मी कीबोर्ड उघडाच ठेवतो आणि फोकस नावाच्या फील्डवर परत नेतो, कारण सौदे चालू असताना पुढचा शेतकरी समोर उभाच असतो.