गाडी चार्ज होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी या चुका टाळा

गाडीला लाइट बार लावला, ॲम्प्लिफायर बसवला, हॉर्न बदलले. दोन पावसाळे गेले आणि एका सकाळी सेल मारला तर नुसती टकटक. हर्णैपासून मालवणापर्यंत किनाऱ्यालगतच्या गावांत मॉडिफाय केलेल्या गाड्यांची ही तक्रार नेहमीची. पहिली चूक इथेच होते: लोक थेट नवी बॅटरी आणतात. थोड्या दिवसांत तीही उतरते, मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) बदलला जातो, आणि खरा दोष असलेली अर्थची काळी वायर (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनला आणि बॉडीला जोडणारी) तशीच हिरवी पडलेली राहते.

आधी मीटर लावा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी उतरलेली. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ मध्ये हवा. (नव्या काही गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, तो मुद्दाम कमीजास्त करतो, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका.) आता हेडलाइट, ब्लोअर, वायपर आणि नंतर बसवलेलं सगळं चालू करून, इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर धरून पुन्हा बघा. अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर १४.२ आणि बॅटरीवर १३.२ असेल तर अल्टरनेटर आपलं काम चोख करतोय. मधला एक व्होल्ट वायरीत किंवा अर्थमध्ये मरतोय.

आमच्या किनाऱ्यावर मी सगळ्यात आधी अर्थच बघायला सांगेन. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे शिशावरच, क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सगळं लोड चालू असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब आहे. मग तसंच खांब ते बॉडी मोजा. खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल लगमधून (वायरीच्या टोकाला बोल्टसाठी असलेल्या धातूच्या कडीतून) वायरीच्या आत शिरते, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रबराखाली तांबं काळं पडतं. लगजवळचं इन्सुलेशन थोडं सोलून बघा: हिरवी भुकटी किंवा काळ्या तारा दिसल्या तर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. ते लागलंच नाही तर वायर बदला, त्यात काटकसर नको. मॉडिफाय करताना रंगकाम झालेलं असेल तर अर्थच्या बोल्टखाली रंगाचा थर असतो, तोही खरवडून काढा. बोल्ट घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

दुसरी मोठी चूक लोडची. १०० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १५ अँपिअरच्या पुढे, आणि कंपनीची वायर व स्विच ५५/६० वॉटच्या बल्बसाठी असतात. कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट, वितळतो तो यामुळेच. जादा दिव्यांना रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) द्या, सप्लाय थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. त्याच्या अलीकडची वायर बॉडीला घासली तर ती जळण्यापासून वाचवणारं काहीच नसतं. अल्टरनेटरवर लिहिलेले अँपिअर आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवा. गणपतीच्या गर्दीत कुंभार्ली घाटात, भर पावसात, सगळं चालू ठेवून गाडी मुंगीच्या पावलाने सरकते तेव्हा बॅटरी भरत नसते, उतरत असते.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनामो चालतोय का’ हे बघण्याची जुनी पद्धत कृपा करून बंद करा. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो. जुन्या गाड्यांत चार्जिंगच्या दिव्याचा साधा बल्ब काढून एलईडी लावणंही महागात पडतं: काही अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून मिळतो.

गाडी उभी असताना बॅटरी उतरत असेल तर प्रकरण वेगळं. निगेटिव्ह वायर काढून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर सिरीजमध्ये लावा. त्या अवस्थेत सेल मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, म्हणजे गाडीतले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपतील. ५० मिलिअँपिअरच्या वर आकडा राहिला तर एकेक फ्यूज काढत जा, पण सुरुवात नंतर बसवलेल्या वस्तूंपासून करा. स्टिरिओची लाल वायर चावीऐवजी कायमच्या सप्लायला जोडलेली असणं, किंवा ॲम्प्लिफायरची निळी रिमोट वायर चालूच राहणं, हे वारंवार सापडतं. ते ठीक असेल तरच कंपनीच्या फ्यूजबॉक्सला हात घाला. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो, तिथून पुढची वायर तपासा.