यकृत प्रत्यारोपणानंतर दारूपासून दूर कसे राहावे : रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी

दारूमुळे निकामी झालेले यकृत शस्त्रक्रियेने बदलता येते, परंतु दारूची ओढ त्या यकृतासोबत शरीराबाहेर जात नाही. अशा रुग्णांपैकी साधारण पाचांतील एक जण पुढे केव्हातरी पुन्हा दारू घेतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे. अनेक केंद्रे शस्त्रक्रियेपूर्वी सहा महिने दारू बंद असण्याची अट घालतात. ती पूर्ण केली म्हणून पुढील वर्षांबाबत निर्धास्त राहता येत नाही.

प्रत्यारोपणानंतर दारूचे सुरक्षित प्रमाण शून्य मानावे. ज्यांचे यकृत हिपॅटायटिस बी किंवा फॅटी लिव्हरमुळे निकामी झाले होते, त्यांनीही हाच नियम पाळावा. बिअर, वाइन, फेणी, ताडी यांत यकृताच्या दृष्टीने फरक नाही. ‘झीरो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिअरमध्ये अल्पसा मद्यार्क असतो आणि तिची चव, वास, ग्लास यांमुळे जुनी सवय जागी होते, ती गोष्ट वेगळीच. आपल्याकडे अधिक दुर्लक्षित राहतात ती आसवे आणि अरिष्टे. द्राक्षासव किंवा कुमारी आसव यांसारख्या औषधांत आंबवण्याच्या क्रियेतून मद्यार्क तयार होतो आणि त्याचे प्रमाण बिअरइतके असू शकते. होमिओपॅथीचे मदर टिंक्चर आणि खोकल्याची काही सिरपेही याच यादीत येतात. गुळवेलीचा काढा तर त्यात दारू नसतानाही टाळावा, कारण तो प्रतिकारशक्तीला चालना देतो, आणि प्रत्यारोपणानंतरची औषधे नेमकी तीच शक्ती दाबून ठेवत असतात.

पहिले काही महिने तपासण्या, पथ्य आणि घरच्यांची नजर यांत निघून जातात. खरी जोखीम त्यानंतर, म्हणजे कावीळ आणि जलोदर विस्मरणात जाऊन माणूस कामावर रुजू होतो आणि मित्र ‘आता तर तू ठणठणीत आहेस’ असे म्हणू लागतात, तेव्हा वाढते. म्हणून त्याआधीच कोणत्या दिवशी, कोणासोबत आणि कोणत्या मनःस्थितीत आपण पीत होतो, हे कागदावर लिहून काढावे. गटारी, वरात, ३१ डिसेंबर, पगाराचा दिवस या गोष्टी त्यात येतीलच. पण एकटेपणा, झोप न लागणे आणि घरातील भांडण यांचीही नोंद करावी, कारण सणांपेक्षा त्यांची वारंवारता अधिक असते. जिथे ‘बसायचे’ ठरले आहे तिथे निदान पहिल्या एक-दोन वर्षांत जाऊच नये. नकाराचे एक वाक्य तयार ठेवावे : ‘माझं लिव्हर बदललंय, डॉक्टरांनी कायमची बंद केली आहे.’ याहून अधिक खुलासा करण्याची गरज नाही.

एवढे करूनही कधी घोट घेतला गेला, तर पुढचे काही तास फार महत्त्वाचे असतात. अपराधी वाटून रुग्ण टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणारी) गोळी चुकवतो, तपासणीची तारीख टाळतो, फोन उचलत नाही; आणि माझ्या मते एका ग्लासापेक्षा या लपवाछपवीतून अधिक नुकसान होते. गोळ्या चुकल्या की शरीर नवे यकृत नाकारू शकते. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ठरल्या वेळी घ्यावीत आणि त्याच दिवशी प्रत्यारोपण समन्वयकाला किंवा डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. मात्र पिणे रोजचे झाले असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नये. हातापायांना कंप, भ्रम, फिट येण्याचा धोका असतो आणि त्यासाठी रुग्णालयातच उपचार घ्यावे लागतात.

यकृताच्या नेहमीच्या चाचण्या ठीक आल्या म्हणजे दारूने काही बिघडले नाही, असा निष्कर्ष काढू नये. ‘पेथ’ ही रक्ततपासणी मागील दोन ते चार आठवड्यांतील मद्यपान दाखवते, तर लघवीच्या विशेष तपासणीत मागील काही दिवसांतील दारू कळते. केंद्राने अशी तपासणी सांगितल्यास तो अविश्वास समजू नये. पुन्हा जोरात पिणाऱ्यांच्या नव्या यकृतात थोड्याच वर्षांत सिरोसिस झाल्याची उदाहरणे आहेत. तंबाखू, गुटखा आणि सिगारेटही त्याच वेळी सोडावी, कारण प्रतिकारशक्ती दाबलेली असताना तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

कुटुंबीयांनी एक गोष्ट कदापि करू नये : दारू सोडवणारी पावडर किंवा गोळी जेवणात गुपचूप मिसळणे. अशा औषधांत डायसल्फिरम असू शकते. ते यकृताला अपाय करू शकते आणि त्यावर दारू घेतल्यास रक्तदाब घसरून प्रकृती गंभीर होऊ शकते. भारतात बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात आणि दाता बहुधा पत्नी, मुलगा किंवा भाऊ असतो. ‘मी तुला माझं यकृत दिलं’ हे वाक्य त्यांच्या तोंडी येणे स्वाभाविक आहे, पण त्यामुळे रुग्ण पिणे थांबवण्याऐवजी लपवू लागतो. त्याऐवजी घरात बाटली न ठेवणे आणि गोळ्यांच्या वेळा सोबत पाळणे अधिक उपयोगी ठरते.

समुपदेशनासाठी पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी सभा आणि कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन असे पर्याय आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ओढ कमी करणारी औषधेही मिळतात, परंतु ती मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रत्यारोपण चमूने मिळून ठरवावीत. उदाहरणार्थ, बॅक्लोफेनची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यावर अवलंबून असते, आणि टॅक्रोलिमसमुळे ते कार्य आधीच मंदावलेले असू शकते.