गेमची मालिका मधल्या भागापासून कशी सुरू करावी

‘द विचर ३: वाइल्ड हंट’ सेलमध्ये स्वस्त होतो, मित्र कधीपासून गळ घालत असतात, आणि तरी विकत घेताना हात अडतो तो नावातल्या तीनवर. आधीचे दोन खेळलेलो नाही, मग हा कळेल का? बरेच जण नाइलाजाने पहिल्या भागाकडे वळतात, जुनाट कंट्रोल्सना कंटाळून तो अर्धवट सोडतात आणि तिसऱ्यापर्यंत कधी पोहोचतच नाहीत. इतक्या सुंदर गेमचं असं होणं मला फार खटकतं. बहुतेक मालिका मधूनच धरता येतात. ज्या येत नाहीत, त्या आधी ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली पायरी: आकड्याऐवजी कथा पाहा

नावातला आकडा कथेबद्दल फार कमी सांगतो. ‘फायनल फँटसी’त साधारणपणे प्रत्येक आकड्याला नवं जग आणि नवी माणसं असतात, त्यामुळे सोळावा भाग (२०२३) खेळायला आधीचे पंधरा लागत नाहीत. पण त्याच मालिकेतला ‘एक्स-२’ हा दहाव्या भागाची कथा थेट पुढे नेतो. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ (२०१८) घडतो १८९९ मध्ये आणि त्याच्या आधी आलेला पहिला भाग (२०१०) घडतो १९११ मध्ये. म्हणजे दुसऱ्यापासून सुरुवात केली तर गोष्ट काळाच्या सरळ क्रमाने मिळते. ‘किंगडम हार्ट्स’ची तऱ्हा आणखी वेगळी. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये आकडा नसलेले गेम आहेत, आणि तिसरा (२०१९) त्यांच्या कथेवरच उभा आहे.

तपासायचं कसं? नायक तोच आहे की बदललाय, ते स्टोअरच्या पानावर कळतं. आधीच्या भागाचा सेव्ह, म्हणजे तुमच्या खेळाची जपून ठेवलेली नोंद, नव्या भागात नेण्याची सोय आहे का, हेही बघा. तशी सोय असेल तर तुमच्या जुन्या निर्णयांना पुढे किंमत आहे, असा त्याचा अर्थ. ‘मास इफेक्ट’मध्ये ती किंमत इतकी मोठी आहे की तिसऱ्या भागापासून सुरुवात करू नका, असंच मी सांगेन. तिन्ही भाग ‘लेजंडरी एडिशन’ (२०२१) मध्ये एकत्र मिळतात, तिथूनच पहिल्यापासून खेळा. ‘द लास्ट ऑफ अस’चंही तेच. दुसऱ्या भागातलं सगळं दुःख पहिल्या भागाच्या शेवटी घेतलेल्या एका निर्णयातून येतं. तो निर्णय होताना तुम्ही तिथे नसाल, तर पुढचं सगळं नुसतं दिसेल, लागणार नाही.

दुसरी पायरी: मालिकेनेच उघडलेलं दार शोधा

लांबलेल्या मालिका मध्येच कधीतरी नव्या खेळाडूंसाठी मुद्दाम वाट करून देतात. ‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८) हे त्याचं सर्वांत देखणं उदाहरण. नायक क्रेटोस तोच आहे, पण ग्रीक देवांचं जग मागे टाकून तो उत्तरेकडच्या नॉर्स जगात आलाय आणि सोबत आहे मुलगा अत्रेयस. बापाने पूर्वी काय केलं हे त्या मुलाला माहीत नाही, आणि नव्या खेळाडूलाही नाही. दोघांना ते हळूहळू, एकत्रच कळत जातं. मात्र त्यानंतरचा ‘रॅग्नारॉक’ (२०२२) थेट तिथूनच पुढे जातो, म्हणून तो आधी घेऊ नका.

‘रेसिडेंट ईव्हिल ७’ (२०१७), प्राचीन इजिप्तमध्ये घडणारा ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ (२०१७) आणि नव्या नायकाचा ‘याकुझा: लाइक अ ड्रॅगन’ (२०२०) ही अशीच दारं आहेत. ‘जीटीए ५’ (ग्रँड थेफ्ट ऑटो) तर बिनधास्त सुरू करा.

तिसरी पायरी: उजळणी मोजकीच करा

तासाभराचे ‘आतापर्यंतची कथा’ व्हिडिओ बघत बसू नका. त्यात पुढे कधीतरी खेळायच्या भागांतले उत्तम क्षण वाया जातात आणि शेजारच्या थंबनेल्समधून नव्या भागाचेही स्पॉयलर मिळतात. गेममध्येच सारांश असेल तर तो पुरेसा समजा. ‘रॅग्नारॉक’च्या मेनूत आधीच्या भागाचा सारांश आहे, ‘किंगडम हार्ट्स ३’मध्ये ‘मेमरी अर्काइव्ह’ आहे. तसं काही नसेल तर तीनच गोष्टी शोधून कागदावर लिहा: नायक कोण, त्याची जिवाभावाची माणसं कोण, आणि मागच्या भागात काय अपुरं राहिलं.

चौथी पायरी: ‘विचर ३’ प्रत्यक्ष सुरू करताना

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडची ही मालिका आंद्रझेय साप्कोव्स्की यांच्या पुस्तकांवर उभी आहे. गेम आले २००७, २०११ आणि २०१५ मध्ये. नायक गेराल्ट हा विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा शिकारी. तिसऱ्यात तो मुलीसारख्या ज्या सिरीला शोधत फिरतो, ती आधीच्या दोन्ही गेममध्ये भेटतच नाही आणि त्याची प्रेयसी येनेफर फक्त त्याच्या आठवणींतून येते. त्यामुळे जुन्या खेळाडूंनाही ही दोन नाती इथेच खऱ्या अर्थाने कळतात. तुम्ही फार मागे नाही आहात.

नवा गेम सुरू करताना ‘विचर २’चा सेव्ह सिम्युलेट करायचा का, म्हणजे तो खेळल्यासारखे त्यातले निर्णय ठरवायचे का, असा पर्याय येतो. तो चालू ठेवला तर पुढे विझिमाच्या राजवाड्यात, गेराल्टची दाढी होत असताना, एक अधिकारी दुसऱ्या भागातल्या घटनांबद्दल प्रश्न विचारतो. तुमच्या उत्तरांवर काही पात्रं पुढे भेटतात किंवा भेटत नाहीत. ज्यांना आपण ओळखतच नाही त्यांच्याबद्दल उत्तरं देण्यात मजा नाही, म्हणून पहिल्या खेपेला तो बंद ठेवा.

सुरुवातीचा व्हाइट ऑर्चर्डचा परिसर घाईने संपवू नका. तो आटोपशीर आहे, सोबत गुरू वेसेमिर आहे, आणि या जगातलं युद्ध, राक्षस, गावकऱ्यांचा विचरबद्दलचा संशय, सगळं तिथेच समजतं. नवं नाव ऐकलं की ग्लॉसरीतल्या पात्रांच्या नोंदी उघडा. त्या गेराल्टचा कवीमित्र डँडेलियन याच्या शब्दांत आहेत आणि कथा सरकेल तशा वाढत जातात, त्यामुळे पुढचं काही फुटत नाही. संवादातले ऐच्छिक प्रश्नही सगळे विचारा, कारण नवख्याला हवी असलेली बरीचशी माहिती तिथेच ठेवलेली आहे. लढाई जड गेली तर डिफिकल्टी खेळताखेळता कमी करता येते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मागे जायचं असेल तर

तिसरा आवडला तर दुसऱ्या भागाकडे जरूर जा. लष्करी अधिकारी रोश आणि दुसरा एक विचर लेथो ही माणसं नीट कळतात ती तिथेच, आणि राजकारण तर तिसऱ्यापेक्षा दाट आहे. पहिल्यातली ताल साधून क्लिक करत लढण्याची पद्धत आज बरीच जड जाते. त्याचा रिमेक २०२२ मध्ये जाहीर झालाय, त्यासाठी थांबलात तरी चालेल. येनेफर आणि सिरी यांची जुनी गोष्ट हवी असेल तर मात्र ती कुठल्याच गेममध्ये नाही. त्यासाठी साप्कोव्स्कींच्या कथासंग्रहांपासून सुरुवात करा आणि कादंबऱ्या नंतर घ्या.