थंडीत नवं इंजिन दोरीला दाद देत नाही तेव्हा

दिवाळी-पाडव्याला दुकानातून आणलेला किंवा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचं अनुदान मंजूर झाल्यावर घेतलेला पॉवर वीडर, ग्रास कटर, लॉन मोअर यांची पहिली परीक्षा डिसेंबर-जानेवारीतच होते. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवडकडे पारा दहाच्या खाली उतरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पाच-सहा अंशांची नोंद झाली की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात आणि शेडमध्ये कोणीतरी नव्या मशीनची दोरी ओढून ओढून घामाघूम झालेला असतो. दुकानदाराने दाखवताना एका हिसक्यात चालू झालेलं मशीन आज ढिम्म हलत नाही, आणि मग "पीस खराब लागला" म्हणून फोन जातो. बहुतेक वेळा मशीनमध्ये खोट नसते. थंड इंजिन आणि नवं इंजिन या दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात, एवढंच.

इंजिनात पेट्रोल जळतं ते वाफ होऊन हवेत मिसळल्यावर. थंडीत ही वाफ कमी होते आणि बरंचसं पेट्रोल ओलं थेंब होऊनच आत जातं, म्हणजे ठिणगी पडते तेव्हा पेटण्याजोगं मिश्रणच तिथे नसतं. त्यात ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे दोरी जड लागते आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही. नव्या इंजिनाच्या रिंगा अजून सिलिंडरला नीट बसलेल्या नसतात, म्हणून कॉम्प्रेशनही पुरेपूर मिळत नाही. चोक दिला आहे तो याचसाठी. हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं, म्हणजे त्यातलं निदान जळण्यापुरतं तरी वाफ होतं.

थंड इंजिन चालू करताना आधी पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना ते बघा. हसू नका, तक्रार घेऊन आलेल्या मशीनचा कॉकच बंद निघणं नेहमीचं आहे. वीडर न्यूट्रलला हवा. लॉन मोअरला दांड्याजवळची ब्रेकची पट्टी धरलेली नसेल तर ठिणगीच पडत नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ढकलणारा रबरी फुगा (प्रायमर) असेल तर तो तीन-चार वेळा दाबा, कडाक्याच्या थंडीत एक-दोन वेळा जास्त. चोक पूर्ण लावा, रेस अर्ध्यावर ठेवा. दोरी आधी सावकाश ओढा, हाताला अडल्यासारखं लागलं की थांबा, मूठ परत आत जाऊ द्या आणि मग एक लांब, सरळ हिसका द्या. मूठ हातातून सोडून देऊ नका, हातानेच आत न्या. दोरी तुटते आणि आतली स्प्रिंग निखळते ती बहुतेक याच सवयीमुळे.

तीन-चार हिसक्यांत इंजिन फुटफुट करून बंद पडलं, तर ते चांगलं लक्षण समजा. चोक अर्धा उघडा आणि पुन्हा ओढा. फुटफुट झाल्यावरही चोक पूर्ण लावूनच दहा-बारा वेळा ओढत राहिलात तर पेट्रोल ओव्हर होतं. मग वास येतो, प्लग काढला तर त्याचं टोक पेट्रोलने चमकतं. तेव्हा कॉक बंद करा, इंजिनाचं स्विचही बंद ठेवा, चोक उघडा, प्लग बाहेर ठेवूनच पाच-सहा वेळा दोरी ओढा म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर पडेल. प्लग स्वच्छ फडक्याने पुसा, पंधरा मिनिटं उन्हात ठेवा. शेकोटीजवळ नेऊन वाळवण्याचा शहाणपणा नको. बहुतेक छोट्या इंजिनांत प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. नवा प्लगही एकदा मोजून घ्यावा.

चालू झाल्याझाल्या चोक झटकन काढला की इंजिनाचा आवाज वर-खाली होतो आणि ते गचकतं. अर्धा मिनिट, फार थंडी असेल तर मिनिटभर, चोक टप्प्याटप्प्याने काढा. नंतर दोन-तीन मिनिटं बिनभाराचं चालू द्या. इथेच पुष्कळ जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटर पिळायला बसतात. कृपा करून तसं करू नका. सकाळी सातच्या थंडीत बसवलेलं सेटिंग दुपारी बाराला चुकीचं ठरतं, आणि वॉरंटीवरून वाद होतो तो वेगळाच. गरम झाल्यावर इंजिन एका लयीत चालत असेल तर त्याला काहीही झालेलं नाही.

आता ऑइल. फोर-स्ट्रोक मशीन पुष्कळदा खोक्यात ऑइलशिवाय येतं. दुकानदाराने भरलंच असेल असं धरून चालू नका. सपाट जागेवर ठेवून ऑइलची पातळी दाखवणारी गेजची पट्टी काढा, पुसा, पुन्हा बघा. ऑइल कमी असेल तर काही इंजिनांचा सेन्सर ठिणगीच बंद करतो. मशीन उतारावर उभं असेल तरीही तसंच होतं, आणि आपण प्लग बदलत बसतो. थंडीत १०डब्ल्यू-३० ऑइल सोयीचं, कारण गार असतानाही ते पातळ राहतं. नुसतं ३० नंबरचं ऑइल पहाटे दोरी जड करतं. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडच्या बाहेर मात्र जाऊ नका.

पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं. काही कंपन्या पहिल्या पाच तासांनंतर सांगतात, काही वीस तासांनंतर किंवा महिन्याभराने. आपल्या पुस्तिकेतला आकडा वहीत लिहून ठेवा आणि चाललेले तासही मांडत जा. काढलेलं ऑइल पांढऱ्या वाटीत घेऊन उन्हात तिरकं धरा: चंदेरी चुरा चमकताना दिसेल. ते नव्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना बसताना झिजलेलं धातूचं पीठ आहे. पहिल्या बदलीत ते दिसणं साहजिक, तिसऱ्या बदलीतही दिसलं तर मिस्त्रीला दाखवा. ऑइल इंजिन कोमट असताना काढा, गार असताना निम्मा गाळ तळाशीच राहतो. पहिले आठ-दहा तास पूर्ण भार टाकू नका, पण एकाच रेसवरही तासन् तास चालवू नका. कमी-जास्त करत राहा.

पेट्रोलचा विषय थोडा नाजूक आहे. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणजे थंडीतली अडचण वाढते. शिवाय ते पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उघड्यावर, दवात राहिली की आत ओल धरते. गारठ्यात ते पाणी इथेनॉलसह तळाला बसतं आणि कार्बोरेटरमध्ये पहिलं तेच जातं. शंका असेल तर टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल इंजिनात घालू नका. छोट्या इंजिनांच्या बऱ्याच पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते, म्हणून खरेदी करतानाच दुकानदाराला विचारलेलं बरं. महिनाभराला पुरेल एवढंच पेट्रोल आणा, कॅन घट्ट बंद ठेवा.

टू-स्ट्रोक ब्रश कटरचं गणित वेगळं. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. पुस्तिकेत जे असेल तेच. "जरा जास्त घातलं तर इंजिन टिकतं" हा समज प्लग काळा करण्यापलीकडे फारसं काही करत नाही. थंडीत ऑइल लगेच मिसळत नाही, म्हणून कॅन चांगला हलवूनच टाकीत ओता.

धुराचं एक लक्षात ठेवा. गार सकाळी सुरुवातीचा पांढरा धूर ही पाण्याची वाफ असते, दोन मिनिटांत जाते. धूर काळा असेल तर चोक लागलेला राहिला आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. निळा म्हणजे ऑइल जळतंय. नव्या फोर-स्ट्रोक मशीनमध्ये निळा धूर येण्याचं एक साधं कारण असतं: पात्याखालचं गवत काढायला मशीन चुकीच्या बाजूला आडवं केलेलं असतं. कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहतील असंच कलवा, आणि त्याआधी प्लगची टोपी काढा, नाहीतर पातं फिरवताना इंजिन चालू होऊ शकतं. एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून, थोडं ऑइल लावून पिळून बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. बागेत आणि रस्त्याकडेला धूळ जास्त असते, तिथे पुस्तिकेतल्या तासांची वाट न बघता आठवड्याला उघडून बघा.

एवढं सगळं करूनही एक प्रश्न उरतो, की पहाटे मशीन चालवायचंच कशाला? दवाने ओलं गवत पात्याला आणि डेकला, म्हणजे पात्यावरच्या झाकणाला, चिकटतं, काप नीट येत नाही, इंजिनावर ताण येतो. नाशिकच्या बाजूला लग्नाची लॉन्स सांभाळणाऱ्यांना कार्यक्रमाआधी घाई असते हे मान्य, पण बागेतलं, नर्सरीतलं काम नऊ-साडेनऊनंतर, दव उडाल्यावर काढलं तर इंजिनही लवकर चालू होतं आणि गवतही स्वच्छ कापलं जातं. थंडी चुकवायला शेडचं शटर ओढून आत इंजिन गरम करणं मात्र जिवावर बेतू शकतं. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मशीन उघड्यावर आणा, मग दोरी ओढा.

दोन-तीन महिने चांगलं चालल्यावर हळूहळू दोरी जड जाऊन इंजिन उशिरा धरू लागलं, तर व्हॉल्व्हची फट तपासून घ्या. ती इंजिन पूर्ण गार असतानाच मोजतात आणि हे काम मिस्त्रीवर सोडा. हंगाम संपून मशीन महिनाभर बाजूला ठेवायचं असेल तर कॉक बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू ढिला करून उरलेलं काढा, टाकी रिकामी करा. दोरी सावकाश अडेपर्यंत ओढून तिथेच थांबा आणि मूठ हाताने हळूच आत न्या, म्हणजे व्हॉल्व्ह बंद राहतात आणि सिलिंडरमध्ये दमट हवा शिरत नाही.