रागावरचं पुस्तक मागायला कुणी आलं की

नायगावच्या आमच्या विहारात पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे. नऊ वर्षं त्याची चावी माझ्याकडे आहे. रविवारी वंदना झाली की कुणीतरी मागे रेंगाळतं आणि हळूच विचारतं, "ताई, रागावर वाचायला काही आहे का?" मी लगेच पुस्तक काढत नाही. राग कसा आहे, ते आधी विचारते.

अंगुत्तरनिकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, बुद्धांनी तीन प्रकारची माणसं सांगितली आहेत. एकाचा राग दगडावर कोरलेल्या रेघेसारखा, दुसऱ्याचा मातीवरच्या रेघेसारखा, तिसऱ्याचा पाण्यावरच्या. कपाटाशी येतात ते बहुतेक पहिले दोघे, आणि दोघांना एकच पुस्तक चालत नाही.

चटकन भडकून तासाभरात पस्तावणाऱ्याला मी धम्मपद देते, बुद्धवचनांचा छोटा पाली ग्रंथ. ४२३ गाथा (श्लोक), २६ वग्ग (प्रकरणं). त्यातला सतरावा कोधवग्ग, म्हणजे रागाचा, फक्त १४ गाथांचा. लोकलमध्ये दादर ते ठाणे सहज वाचून होतो. विकत घेणार असाल तर दुकानात उभ्याउभ्या २२२वी गाथा काढा. भरकटलेला रथ आवरावा तसा उसळलेला राग जो आवरतो तो खरा सारथी, बाकीचे नुसते लगाम धरणारे, असा तिचा अर्थ. तो एका वाचनात डोळ्यांपुढे उभा राहिला तर पुस्तक घ्या. पालीपेक्षा मराठीच अवघड वाटली तर खाली ठेवा, नाव कितीही मोठं असो. मूळ पाली गाथा देवनागरीत छापलेली असेल तर फार बरं, कारण राग आलेला असताना अर्थ आठवत नाही, पाठ केलेली ओळ आठवते.

शिवाजी पार्कवर ६ डिसेंबरला पुस्तकांचे पुष्कळ स्टॉल असतात, पण त्या गर्दीत पानं उलटायला सवड कुठली! मी आदल्या दिवशी सकाळीच जाते.

दगडावरची रेघ मला घरातूनच माहीत आहे. सासऱ्यांच्या खोलीवरून धाकटे दीर आणि आम्ही दोन वर्षं बोलत नव्हतो. भांडी घासतानासुद्धा त्यांना सुनवायची वाक्यं मी मनात जुळवत असे. तेव्हा उत्साहाने अख्खा मज्झिमनिकाय, बुद्धांच्या मध्यम लांबीच्या सुत्तांचा (उपदेशांचा) जाडजूड संग्रह, आणला आणि दहा पानांत मिटला. पुढे कळलं की त्यातलं विसावं, वितक्कसंठान सुत्त तेवढंच वाचायचं होतं. मनात घोळणारे विचार हटवायच्या पाच रीती त्यात आहेत. पहिली सुताराची: बारीक खुंटी ठोकून मोठी खुंटी बाहेर काढायची. म्हणून मोठा ग्रंथ घेताना कुठलं सुत्त वाचायचं ते आधी चिठ्ठीवर लिहून न्या. बौद्ध आचार्य शांतिदेवांच्या बोधिचर्यावतार या संस्कृत ग्रंथाचंही तसंच. सहावं प्रकरण, क्षांतीचं म्हणजे सहनशीलतेचं, तेवढं पुरे. आपण काठीवर रागवत नाही, काठी चालवणाऱ्यावर रागावतो. पण त्यालाही द्वेषच चालवत असतो, हा त्यातला युक्तिवाद मला महिनाभर पुरला.

मात्र नवऱ्याचा मार खाणारी बाई राग आवरायचं पुस्तक मागते, तेव्हा मी कपाट उघडत नाही. तिच्याजवळ बसते आणि १८१ हा महिलांच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून देते. पुस्तक नंतर.

आणि ऑफिसात जातीवरून टोमणे ऐकून आलेल्या मुलीला क्षमेचं पुस्तक देणं मला पटत नाही. तिला मी बाबासाहेबांचं 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' देते. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली निघाला. सुरुवात पहिल्या भागातल्या रोहिणी नदीच्या प्रसंगापासून करायला सांगते. नदीच्या पाण्यावरून सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय युद्धाला उठले, तेव्हा सिद्धार्थ गप्प बसला नाही, शाक्यांच्या भर संघात, म्हणजे सभेत, युद्धाच्या विरोधात उभा राहिला. दोन माणसं आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाचांनी तंटा सोडवावा, असं त्याने सुचवलं.

ते पान वाचून मी यजमानांना म्हटलं, आपल्या खोलीचंही असंच करू या. पाचवे म्हणून खालच्या मजल्यावरचे एक आजोबा बसले. तीन बैठका लागल्या. तिसऱ्या बैठकीला भाऊजींनी माझ्या हातचा चहा घेतला.